राजे दाराकडे बघतात

चष्मेवाल्या काकांना परदेशी नाण्यांचा भारी नाद. नवं नाणं हाती लागलं की त्याचा फोटो हौशी मंडळींच्या ग्रुपवर टाकल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे.

त्या दुपारी त्यांनी नवं नाणं अल्बममध्ये बसवलं. त्यावरचा चेहरा झिजून पार गुळगुळीत झाला होता, तरी काकांनी कौतुकाने अख्ख्या पानाचा फोटो टाकला आणि वाहवा यायची वाट बघत बसले.

दातांच्या डॉक्टरांनी लिहिलं, "काका, मागच्या फोटोत बाकीचे राजे डावीकडे बघत होते ना?"

काकांनी चष्मा पुसून पाहिलं. अकरा राजे आणि एक राणी, सगळ्यांची तोंडं उजवीकडे, घराच्या दाराकडे होती.

काका अल्बम घेऊन टेबलाच्या पलीकडे जाऊन बसले. आता दार डावीकडे आलं, आणि राजेही डावीकडे वळले.

"अगं, हे जरा बघ," त्यांनी बायकोला हाक मारली.

"मान अवघडली असेल बिचाऱ्यांची," काकू बघून म्हणाल्या. "इतकी वर्षं एकाच कुशीवर ठेवलंत."

तेवढ्यात बेल वाजली. काकू दार उघडायला गेल्या आणि दबक्या पावलांनी परत आल्या.

"एक गृहस्थ आलेत. तुम्हालाच विचारतायत."

"मग आत बोलव."

"बोलावलं. पण ते एका अंगाने उभे आहेत. नीट तोंड बघावं म्हणून मी या बाजूला गेले, त्या बाजूला गेले. कुठूनही बघितलं तरी त्यांचा एकच गाल दिसतो."