विळी कुणाच्या हाती

सुधारगृहाच्या स्वयंपाकघरात बाई विळी फक्त मैनाच्या हाती द्यायच्या. चाकू मारून आलेली ही पोर वर्षभर शहाण्यासारखी वागली होती. मनात मात्र एकच होतं, एकेकाळची मैत्रीण करिश्मा भेटली की तिचा काटा काढायचा. करिश्माला चटके देणाऱ्या तिच्या सावत्र बापावर मैनाने चाकू चालवला होता, आणि तीच बया पोलिसांना म्हणाली, "पप्पा देवमाणूस आहेत."

आज ती भित्री भागूबाई स्वतःच इथे दाखल होऊन समोर भोपळा घेऊन बसली होती.

"काय चोरलंस गं? पावडरीचा डबा?" मैनाने विळीच्या पात्यावर अंगठा फिरवला.

"तुझा चाकू त्यांना नुसता चाटून गेला होता."

"मग?"

"मी तीनदा खुपसला. पप्पा गेले."

मैनाने विळी तिच्याकडे सरकवली.

"पायाने घट्ट दाब. नाहीतर बोट कापून घेशील."