सरपंचबाईंच्या दारात पालखी

शिमग्याची पालखी दगडी गडग्याच्या तोंडाशी आली आणि तिथंच उभी राहिली. ढोल बडवणं चालूच होतं, पण एक पाय घरापुढच्या खळ्यात पडेना. आरतीचं ताट धरून ओटीवर उभ्या असलेल्या आवडाबाई पायरीपर्यंत पुढं आल्या.

गावच्या सरपंचबाई असल्या तरी पदर खोचून त्यांनी स्वतः खळं सारवलं होतं, रांगोळी काढली होती. मागं सून सलोनी तान्ह्या निहारला घेऊन उभी. लग्नाला कितीतरी वर्षं झाली तरी पोरीची कूस उजवत नव्हती, तेव्हा आवडाबाईच देवीला बोलल्या होत्या, ‘नातू दे, पहिल्या शिमग्याला तुझ्या पायावर घालीन.’ देवीनं ऐकलं. आता नवस फेडायचा, तर ही पालखी अशी दारात अडलेली.

“आत या की, आप्पा.”

आप्पा म्हणजे गावचे पहिले मानकरी. त्यांनी हो म्हटल्याशिवाय पालखी कुणाच्या दारी चढत नाही. त्यांनी हात वर केला, ढोल गप्प झाले.

“सरपंचबाय, देवी येयाला तयार हाय. पण आधी गावाचे पैशे टाका.”

पैसे शाळेकडं जाणाऱ्या पाखाडीचे. चिऱ्याच्या पायऱ्या बांधायच्या होत्या. एक पायरी झाली नाही, पण दीड लाख पंचायतीतून निघून सरळ सरपंचबाईंच्याच खात्यात येऊन बसले. रत्नागिरीहून तपासणी झाली, वसुलीचा हुकूम निघाला. सगळं खरं. एवढंच की खातं उघडायला लावलं नवऱ्यानं, सही कर म्हणाला नवरा, आणि कार्ड खिशात घालून एटीएमला गेला तोही नवराच. सरपंचाची जागा बायकांसाठी राखीव म्हणून नाव आवडाबाईंचं. बाकी कारभार नवऱ्याचा, भागोजीचा. त्या पैशातली दमडीही बाईंनी डोळ्यांनी पाहिली नव्हती.

आणि हा भागोजी होता कुठं? पालखीखालीच! पुढच्या दांडीला खांदा लावून, डोक्यावर पांढरी टोपी, कपाळभर गुलाल. खाई त्याला खवखवे म्हणतात. मेल्याला साधा ठसकासुद्धा लागला नव्हता.

“अवो, तुम्ही तरी सांगा ना ह्यांना,” आवडाबाई काकुळतीला येऊन म्हणाल्या.

भागोजीनं खांदा बदलला. “मी काय सांगू? खातं तुझ्या नावावर, सही तुझी. मी मधी बोलणारा कोण?”

घोळक्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. शेजारची सखू, जी निहारच्या बारशाला दोनदा पान मांडून जेवली होती, ती खच्चून ओरडली, “चोराच्या दारात देवी नाचवायची काय वो आप्पा?”

नवऱ्याचं नाव आवडाबाईंच्या अगदी जिभेवर आलं. एकदा वाटलं, सांगून टाकावं, होऊ दे काय व्हायचं ते! पण पालखीला खांदा देणाराच चोर म्हटला की पालखी बाटली. मग ती शुद्ध करायला तशीच मागं देवळात न्यायची, आणि त्या वर्षी कुणाच्याच उंबऱ्याला लावायची नाही, अशी गावाची रीत. नवस तसाच राहिला असता. देवीचं घेऊन बसायचं आणि द्यायचं नाही, हे काही त्यांच्यानं होणार नव्हतं.

“चला, फुडच्या घराकडं,” आप्पा म्हणाले. ढोलावर पहिली थाप पडली.

“आई, काहीतरी करा ना!” सलोनी रडकुंडीला आली. “माझ्या बाळाला काय झालं म्हणजे?”

आवडाबाईंनी ताट खाली ठेवलं. समईतलं तेल मनगटाला चोळलं आणि माहेरच्या पाटल्या ओढायला लागल्या. वर्षानुवर्षं हातात रुतलेल्या त्या, सहजी कशाला निघतायत! एक निघाली. दुसरीनं कातडं सोलून नेलं. तशाच त्या अनवाणी गडग्याशी गेल्या.

“ह्या घ्या, आप्पा. उद्या रत्नागिरीत मोडा नि पंचायतीत भरा. पण देवीला आत आणा. पाया पडते मी तुमच्या.”

आप्पांनी पाटल्या हातावर जोखल्या, चारचौघांना दाखवल्या आणि उपरण्यात बांधल्या. लगेच ढोल घुमले. पालखी नाचत खळ्यात आली, ओटीवर टेकली. सलोनीनं निहारला देवीच्या पायावर घातलं. पोर गुलालानं माखून भोकाड पसरून रडलं. आवडाबाईही रडल्या. मनगट आग आग करत होतं, पण जीव भांड्यात पडला होता. आता तरी नवऱ्याची मान खाली जाईल, असंही त्या भाबड्या बाईला वाटून गेलं.

आप्पा नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. सारं गाव हात जोडून गोळा झालं.

“हे आई, ह्या बाईमाणसाची बुद्धी फिरली नि तिनं गावाचं खाल्लंन.”

“व्हय महाराजा!”

“आज तुझ्या भयानं सगळं ओकलंन.”

“व्हय महाराजा!”

“पुन्हा अशी चोरी तिच्या हातून होऊ देऊ नको. तिला पदरात घे.”

“व्हय महाराजा!” गाव गरजलं. सगळ्यांत वरचा आवाज भागोजीचा होता.