गळती दाखवायचा शनिवार

शाळेच्या छपरासाठी घरपट्टी वाढवायची का, यावर मंगळवारी गावाचं मतदान होतं. गाव आधी दोनदा ‘नाही’ म्हणालं होतं. म्हणून मुख्याध्यापिका मार्लिस हॉगन यांनी शनिवारी सगळ्यांना कॉफी प्यायला आणि गळती बघायला बोलावलं. लोक आले तेव्हा बादल्या गायब, छताच्या डागांवर ताजा रंग आणि फरशी आरशासारखी.

“ऑर्विल, हे काय केलंत?” त्या शिपायाला हळूच म्हणाल्या.

“पाहुणे येणार म्हटल्यावर घर आवरायला नको, बाई?” चाळीस वर्षं ही शाळा झाडणारा ऑर्विल म्हणाला.

तिसरीच्या वर्गात गाईवाला लेलँड आपल्या जुन्या बाकावर कसाबसा मावला. “अगदी आमच्या वेळेसारखी आहे की शाळा! तेव्हा कुठं एक थेंब तरी गळायचा? उगाच खर्चात पाडताय.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. मार्लिसबाईंनी मंगळवारची आशा सोडली.

ऑर्विलने टोपी काढली.

“तेव्हाही गळायचं रे, लेलँड. बर्फ वितळायला लागलं की रोज. तुमची बस यायच्या आत मी पुसून घ्यायचो.”