सुभेदारांचा वारस

उदयसिंहाचं व्याख्यान रद्द झालं तर विष्णुपंतांच्या पदरात एक शाल, एक नारळ आणि व्यासपीठावरची मधली खुर्ची पडणार होती. शालींनी त्यांच्या घरी एक ट्रंक आधीच भरली होती. जीव होता तो खुर्चीत.

सुभेदार आकाराम फडतरे यांचं स्मृतिव्याख्यान साताऱ्यात दरवर्षी व्हायचं आणि दरवर्षी ते विष्णुपंतच द्यायचे. सुभेदारांनी छत्तीस साली 'खेचरांची पलटण' हे सरहद्दीवरच्या मोहिमेचं पुस्तक छापलं आणि एकेचाळीस साली आफ्रिकेच्या लढाईत ते गेले. गावातल्या दगडावर त्यांचं नाव कोरलेलं आहे. त्या दगडाचा फोटो विष्णुपंतांकडे होता, त्यामुळे गावात जायची कधी गरज पडली नव्हती. पुस्तकाची साताऱ्यातली एकुलती एक प्रतही त्यांच्याच कपाटात. कुणी मागितली की पानं ठिसूळ व्हायची. कपाटाची किल्ली जानव्याला होती.

मग अठ्ठ्याण्णव साली सांगलीच्या उदयसिंहाला दुसरी प्रत सापडली. हा फौजेतून निवृत्त झालेला कॅप्टन. त्याने अख्खं पुस्तक इंटरनेटवर चढवलं. कुणीही उघडावं, फुकट वाचावं. लंडनहून पत्रं आली, वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला, आणि समितीने यंदाचं व्याख्यान त्याला दिलं. विष्णुपंतांनी तो फोटो भिंगाखाली पाहिला. कॅप्टनच्या हातातल्या प्रतीचं मुखपृष्ठसुद्धा शाबूत होतं, हे त्यांना फार लागलं.

ते वकिलाकडे गेले. लेखक वारल्यावर साठ वर्षं पुस्तकाचा हक्क वारसांचा, असं वकिलाने सांगितलं. म्हणजे अजून तीन वर्षं बाकी होती. सांगलीला नोटीस गेली. कॅप्टनने मुकाट्याने पुस्तक उतरवलं आणि समितीला कळवलं की वारसाची लेखी परवानगी जो आणेल त्याने व्याख्यान द्यावं, आपली तक्रार नाही. या समजूतदारपणाचाही विष्णुपंतांना रागच आला.

दुसऱ्या दिवशी ते वडूजला उतरले. घासाघीस करून झेंडूचा हार घेतला आणि पुढची गाडी धरून सुभेदारांच्या गावी पोचले. चावडीसमोर दगड होता. लढाईत पडलेल्यांच्या नावांत सुभेदारांचं नाव पहिलं. विष्णुपंतांनी दगडाला हार घातला, डोळे मिटून उभे राहिले. चावडीवरची माणसं एकमेकांकडे बघत होती. खेड्यात अशा गोष्टींचं अप्रूप असतं, असं त्यांना वाटलं.

सुभेदारांची एकुलती एक मुलगी, मनुबाई, सत्तरीला टेकलेली होती. तिने घोंगडं अंथरलं, चहा टाकला. अंगणात एक जख्ख म्हातारा दोरखंड वळत बसला होता. सासरे असावेत.

"दगड केव्हा बसवला?" विष्णुपंतांनी विचारलं.

"लढाईतच. तार आली तवा आप्पांचं नाव कोरलं," ती म्हणाली. "एकदा कोरलं की गाव हात लावत न्हाई."

वडिलांना ती आप्पा म्हणायची तर, अशी विष्णुपंतांनी मनाशी नोंद केली. व्याख्यानात घालण्यासारखं होतं. मग तिला विरघळवावं म्हणून त्यांनी आपला हुकमी प्रसंग काढला. शेवंता नावाचं खेचर बर्फात पाय घसरून दरीत पडतं आणि सुभेदार रात्रभर काठावर बसून राहतात. साताऱ्यात इथे रुमाल निघतात.

"शेवंता मेली न्हाई," अंगणातून म्हातारा म्हणाला. "दोन दिसांनी चालत आली."

"पुस्तकात ती दरीत पडते, आजोबा."

"पडली व्हय. मेली न्हाई."

विष्णुपंत समजुतीने हसले. अशा गावांत प्रत्येक म्हातारा फौजेतलाच निघायचा आणि छापलेल्यापेक्षा त्याला जास्त माहीत असायचं. त्यांनी पिशवीतून मजकूर लिहून आणलेला कागद काढला. परवानगी फक्त त्यांच्या नावाने, दुसऱ्या कुणाला नाही. सांगलीकर कसा न विचारता पुस्तक वाटत सुटला होता, तेही त्यांनी रंगवून सांगितलं.

"लोकं वाचत हुती न्हवं पर?" मनुबाईने विचारलं.

"प्रश्न वाचण्याचा नाही, हक्काचा आहे. कायद्याने हक्क तुमचा."

"माजा? घरात इचारायला लागंल."

"कुणाला विचारायचं नाही," विष्णुपंत म्हणाले. "सासऱ्यांचा यात काही संबंध येत नाही. सुभेदार वारले तेव्हापासून वारस एकट्या तुम्ही. इथे सही करा."

मनुबाईने पेन घेतलं. शाळेच्या चार बुकांवर तिने कागद सावकाश, बोट फिरवत वाचला. शेवटच्या ओळीपाशी थांबली. पुन्हा वरून वाचला. मग अंगणाकडे तोंड करून जरा मोठ्याने म्हणाली,

"आप्पा, ह्यो कागद तुमी मेल्यावरचा हाय. आत्ताच सही करू, का थांबू?"

म्हाताऱ्याने दोरखंडाला शेवटचा पीळ दिला आणि गाठ मारली.

"थांब," तो म्हणाला. "आन् आदी दगडावरचा त्यो हार काढून आण. पाव्हण्यांचा खर्च झालाय, वाया जायला नगो."