हव

"माफ करा, मला समजले नाही," फोनमधली बाई म्हणाली. "आपण प्रवासी यादोराव आहात का? कृपया 'हो' किंवा 'नाही' म्हणा."

"हव," यादोराव म्हणाला.

"माफ करा, मला समजले नाही."

पवनीहून भंडाऱ्याला जाणारी एसटी खच्चून भरली होती. यादोराव खिडकीशी, मांडीवर बॅग, बॅगेवर डबा. शेजारी बायको बायजाबाई, तिच्या मांडीवर दुसरी बॅग. पाय हलवायलाही जागा नव्हती. कोंढ्याला गाडीत चढून दहा मिनिटं होत नाहीत तोच मेसेज आला होता. संध्याकाळचं नागपूर-चेन्नई विमान रद्द, पर्यायासाठी या नंबरवर फोन करा. त्याने केला. मराठीसाठी तीन दाबायला सांगितलं, तेही त्याने मोठ्या हौसेने दाबलं. आपलीच भाषा, तिला काय घाबरायचं.

उद्या सकाळी सहाला चेन्नईत त्यांच्या रुचिताची परेड होती. गावाच्या नळाला पाणी सोडणाऱ्या माणसाची पोरगी लष्करात लेफ्टनंट होणार होती, आणि परेड झाली की तिच्या खांद्यांवरचे स्टार आईबापाने लावायचे होते. आता रेल्वे धरून सकाळपर्यंत पोचणं होणार नव्हतं. विमान नाही तर काहीच नाही.

"हो म्हना ना जी," बायजाबाई कुजबुजली. "तिले हव समजत नाही. शहरातली आहे."

"हव म्हंजे होच ना."

"आपल्या घरी."

पुढच्या सीटवरची नर्सिंगच्या कॉलेजात जाणारी पोरगी वळून हसू दाबत होती. यादोरावाने घसा साफ केला आणि ग्रामसेवकासमोर सही करताना धरतो तसा श्वास धरून म्हणाला, "हो."

बाईला समजलं. आसपासच्या चार-पाच जणांनाही बरं वाटलं, कारण एव्हाना ते सगळेच चेन्नईला निघाल्यासारखे कान देऊन होते.

"दोन प्रवासी आहेत का?"

"हो."

"आज रात्री सव्वानऊच्या विमानात आपल्यासाठी दोन जागा उपलब्ध आहेत. या जागा स्वीकारायच्या, की तिकिटाचा पूर्ण परतावा हवा?"

दोन जागा एवढं कानावर पडलं आणि यादोरावाला पुढचं ऐकायची गरज उरली नाही. त्याचा जीव भांड्यात पडला. जीव भांड्यात पडल्यावर माणूस शहरातलं बोलत नाही.

"हव, हव," तो म्हणाला.

"परतावा हवा. आपली निवड नोंदवण्यात आली आहे. धन्यवाद."

"झालं," त्याने बायकोला सांगितलं. "नोंदवलं म्हनते."

बायजाबाईने रुचितासाठी भरलेला डबा उघडला आणि पुढच्या पोरीला एक करंजी दिली. तेवढ्यात फोनवर मेसेज वाजला. यादोरावाने तोही कौतुकाने पोरीपुढेच धरला. "वाच बरं, किती वाजता पोचा लागते?"

पोरीने वाचलं. पुन्हा वाचलं.

"काका, हे तर पैसे वापस देऊन रायले. तिकीट बंद केलं."

"बंद कसं? मी हव म्हटलं ना."

"तुमी हव म्हटलं." पोरीने करंजी रुमालावर ठेवली. "तिनं हवा ऐकलं."

यादोरावाने परत फोन लावला. तीन दाबलं. या नंबरवर कोणतेही चालू तिकीट नाही, बाई म्हणाली. त्याने शून्य दाबलं, नऊ दाबलं. प्रतिनिधीशी बोलण्यासाठी चालू तिकिटाचा क्रमांक सांगा, बाई म्हणाली. तिचा आवाज पहिल्याइतकाच गोड होता. पोरीने आपल्या मोबाइलवर रात्रीचं विमान शोधलं आणि मान हलवली. पहिलं विमान रद्द झालेले सगळेच त्यावर तुटून पडले होते; ते भरलं होतं.

"केस टाका जी," दांडीला लोंबकळलेला एक जण वरून म्हणाला. "आयत्या वेळी रद्द केलं तर भरपाई द्या लागते कंपनीले. कायदा आहे."

"भरपाईत उद्याची सकाळ देते का?" बायजाबाईने विचारलं.

"तसं नाही, पन सोडाचं काहून? मेसेजात का लिवलं आहे?"

"'आपल्या निवडीनुसार'," पोरीने वाचून दाखवलं.



यादोरावाला कंपनीचा राग आला नाही. त्याला स्वतःच्या तोंडाची लाज वाटली. पंचावन्न वर्षं या एका शब्दावर त्याचं कुठे अडलं नव्हतं. शेत कसायला घेताना, रुचिताला शिकू देताना, सगळीकडे तोच चालला होता. उतरावं म्हटलं तर कुठे उतरणार आणि उतरून कुठे जाणार. अड्याळ आलं. उतरलं कुणीच नाही, आणखी सहा माणसं चढली, आणि मांडीवरची बॅग त्याच्या छातीला टेकली.

फोन वाजला. रुचिताचा होता. बायजाबाईने त्याच्या मनगटावर हात ठेवला. सांगू नका म्हणत होती की सांगून टाका, ते त्याला कळलं नाही.

"बाबा, दोनच मिनिटं भेटली. कुठवर आले?"

"अड्याळ."

"बरं. उद्या उशीर नोका करजा. एका खांद्यावर तुमी, एका खांद्यावर आई. ज्याच्या घरचं कोनी येत नाही, त्याले इथचे साहेब लावून देतात. पन मले तुमचाच हात पायजे."

यादोरावाने फोन दुसऱ्या कानाला लावला. बायजाबाईने पदर तोंडाशी धरला होता.

"बाबा? आवाज येऊन रायला ना?"

"येऊन रायला," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "त्या साहेबाचा हात हलका आहे ना, रुचिता?"