मशीनबाई

"सगळ्यात महत्त्वाचं," संयोजकबाई विंगेत तिच्या कानाशी लागल्या, "गाणं स्वतःचं आहे असं चुकूनसुद्धा म्हणू नकोस."

गायिका गिटारचा पट्टा खांद्यावर चढवत होती. "पण ते माझंच आहे."

"अगं, असू दे की! हे लोकगीतांचे रसिक. यांना जुनं लागतं. नवं म्हटलंस की हाताची घडी घालून बसतील बघ. आजीकडून आलंय म्हण. गिटार इथंच जुळवून घे, तिथं खुंट्या पिळत बसू नकोस. डोळे मिटायचे नाहीत. आणि धृपद आधी शिकव, त्यांना सोबत गायला आवडतं."

बाई बारा वर्षं असे कार्यक्रम भरवत होत्या, सल्ला काही खोटा नव्हता. गायिकेची ही पहिलीच वेळ. ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करायची आणि गाणं तिनं तिथंच, मळक्या चादरींच्या ढिगाशेजारी बसून लिहिलं होतं. त्याच लाँड्रीतल्या मशीननं तिच्या थोरल्या बहिणीची दोन बोटं नेली होती. गाणं बहिणीसाठी होतं. बहीण शेवटच्या रांगेत बसली होती, उजवा हात पर्सखाली.

"हे माझ्या आजीचं गाणं," गायिका म्हणाली. शेवटच्या रांगेकडे बघायची तिची छाती झाली नाही.

मग तिनं धृपद शिकवलं:

*घे गं मशीनबाई, पांढरं घे,*
*लाल ठेव माझ्यापाशी.*

लोकांनी ते हां हां म्हणता उचललं. दोन कडवी झाली आणि पहिल्या रांगेतले सर उठून उभे राहिले. जुनी गाणी गोळा करण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी हात वर केला की गाणारा थांबायचा, अशी तिथली रीतच होती.

"गोड गाणं. पण तुमच्या आजी जरा चुकल्या. मूळ शब्द 'नदीबाई' आहे. आमच्या लहानपणी बायका धुणं धुताना हेच म्हणायच्या. हे मशीनबिशीन मागाहून घुसलेलं."

सभागृहात माना डोलल्या. "बरोबर! नदीच!" दोघाचौघांनी तर लगेच म्हणूनही पाहिलं. विंगेतून संयोजकबाई खुणावत होत्या: हो म्हण, हो म्हण, पुढे चल.

गायिकेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरांवर थोडी, स्वतःवर जास्त.

"सर, माझी आजी गात नव्हती. ती फक्त भांडायची." लोक हसले. ती हसली नाही. "गाणं मी लिहिलंय. गेल्या वर्षी."

"अहो, पण मी स्वतः ऐकलंय..."

"कुठलं ऐकलंत? मी खोटं बोलले म्हणून तुम्हाला आठवलं. आणि नदी बोटं तोडत नाही, सर. माझ्या ताईची मशीननं तोडली."

सर खाली बसले. हाताच्या घड्या पडल्या, एकेक करत, थेट मधल्या रांगांपर्यंत. संयोजकबाईंनी कपाळाला हात लावला.

गायिकेनं गिटार छेडली आणि पुन्हा धृपद धरलं. जे चारदोन गायले, त्यांनी हट्टानं 'नदीबाई' म्हटलं. तिनं तारांवर पंजा ठेवला.

"मशीनबाई," ती म्हणाली. "पुन्हा."

या खेपेला कुणीच गायलं नाही. ती एकटीच गायली, डोळे टक्क उघडे ठेवून, शेवटपर्यंत. तिला वाटलं, संपलं सगळं. संपू दे. शब्द बदलणार नाही.

"पुन्हा," ती म्हणाली.

शेवटच्या रांगेत खुर्ची करकरली. थोरली उभी राहिली होती. पर्स खाली पडली, ती तिनं उचलली नाही. पुढची माणसं वळून बघू लागली तशी तिनं आवाज लावला, *घे गं मशीनबाई*, इतक्या मोठ्यानं की सरही दचकले.

सूर साफ चुकला होता. शब्द मात्र बरोबर होता.