उपडी बादली

"कालबी पान दुपारीच बंद पडलं, मोनिका. गिऱ्हाईक नुसतं चाक फिरताना बघतंय," फोनवर काशिफभाई म्हणाले. "आज पडलं तर पुण्याच्या पोरांना काम देतो."

काष्टीच्या बाजारातली जनावरं मोबाईलवर दाखवणारं पान काशिफभाईंचं, बनवलं मोनिकानं. तिचं पहिलंच काम. बोटानं खाली ओढलं की ताजं दिसतं, हे तिनं घरादाराला कौतुकानं शिकवलं होतं. आता मात्र तिनं पानाच्या नोंदी उघडल्या.

विकलेलं जनावर नव्या गोठ्यात पोचलं की घेणाऱ्यानं फोटो टाकायचा, अशी तिथं सोय होती. त्यातला एकच फोटो सर्व्हरकडं पुन्हा पुन्हा मागितला जात होता आणि दिवसाचा डेटा दुपारीच संपत होता. फोटोही कुणाचा, तर त्यांच्याच घरून विकलेल्या चांदी गाईचा! परक्या दावणीला उभी, पुढ्यात उपडी बादली.

"गेली एकदाची," चांदी गेली तेव्हा आई, गोजरबाई, म्हणाली होती. "लई लाथा मारायची."

दुपार लिंबोणीच्या वासानं जडावली होती. आई अंगणात सावलीला बसली होती. घरात पंखा फिरत होता, आणि आकड्यांकडं बघता बघता मोनिकाला आपण पाण्यावर तरंगतोय असं वाटू लागलं. कोडच गोल गोल फिरत असणार, दुसरं काय! तिनं तो भाग सोडवून पुन्हा बांधला.

मागण्या थांबल्या. तेवढ्यात आई चहा घेऊन आली.

"झालं का गं?"

"झालं वाटतं!"

आई कप ठेवून सावलीला गेली. मोनिकानं दोन घोट घेतले आणि मागण्या पुन्हा सुरू. तिनं जुन्या नोंदी चाळल्या. सकाळ-संध्याकाळ धारांच्या वेळेला तेवढं सगळं शांत. भूतसुद्धा धारा काढायला जातं की काय! तिला रडू यायचंच बाकी राहिलं.

शेवटी तिनं ठरवलं, फोटोच काढून टाकायचा. विकलेल्या गाईला कोण बघतंय? तरी आईला विचारावं म्हणून ती अंगणात आली.

गोजरबाईच्या मांडीवर मोबाईल होता. तिनं अंगठ्यानं पान खाली ओढलं. चाक फिरलं, चांदी आली. तिनं पुन्हा ओढलं.

"कवाधरनं बघतीय गं," पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, "बादली उपडीच हाय. पानी कोन दावतंय का न्हाई तिला?"